तांब्याच्या पोटातले पाणी

तांबे 1,085 अंश सेल्सिअसला वितळते. पोलादाचा रस ओतायला तयार होतो तेव्हा तो 1,600 अंशांच्या पुढे गेलेला असतो. रायपूरच्या उत्तरेकडच्या सिलतरा आणि उरला या औद्योगिक वसाहतींतल्या इंडक्शन भट्ट्यांमध्ये या दोन तापमानांना एकमेकांपासून दूर ठेवते ते काही इंच जाडीचे, रॅमिंग मास ठोकून बसवलेले अस्तर. आत रस, बाहेर तांब्याची कॉइल. कॉइलमधून हजारो अँपिअरचा प्रवाह जात असतो, त्यामुळे शेजारची आच तर तिला सोसावी लागतेच, वर स्वतःच्या अंगातून निघणारी उष्णताही सोसावी लागते. तरी ती वितळत नाही, कारण ती भरीव नाही. ती नळी आहे आणि तिच्या पोटातून पाणी वाहत असते.

रायपूरबद्दल बोलताना लोक कोरब्याचा कोळसा, दल्ली-राजहरा आणि बैलाडिल्याचे खनिज, स्पंज आयर्न, बिलेट, रोलिंग मिल यांची नावे घेतात. पाण्याचे नाव क्वचित येते. मला मात्र वर्षानुवर्षे असे वाटत आले आहे की विजेवर चालणाऱ्या मोठ्या उद्योगाची मर्यादा समजून घ्यायची तर तारेतून किती वीज जाते हे विचारण्याआधी तारेतली उष्णता किती वेगाने बाहेर काढता येते हे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात दडलेले आहे.

जेम्स जूलने हे 1841 साली दाखवून दिले. मँचेस्टरजवळच्या एका मद्यनिर्मात्याचा हा मुलगा तेव्हा पंचविशीतही नव्हता. त्याने तारेची वेटोळी पाण्याच्या भांड्यात बुडवली, त्यांतून प्रवाह सोडला आणि पाणी किती तापते ते तापमापीवर मोजले. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा त्याचा निष्कर्ष. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट, तिप्पट केला की नऊपट. विद्युतशास्त्राचा हा मूलभूत नियम हाती आला तोच तार पाण्यात बुडवून, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. वाहक आणि पाणी यांची गाठ अशी पहिल्या दिवसापासूनची आहे.

हा वर्गाचा नियम मोठा कठोर आहे, कारण तो स्वतःलाच खतपाणी घालतो. तांबे तापले की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे 0.4 टक्के. रोध वाढला की त्याच प्रवाहाला उष्णता आणखी वाढते. वाहकाचे तापमान कुठेतरी स्थिर व्हायचे तर निर्माण होणारी आणि बाहेर पडणारी उष्णता यांचा मेळ बसावा लागतो. तो बसला नाही तर आधी इन्शुलेशन जळते, मग धातू.

यावर माणसाने काढलेले सर्वांत जुने उत्तर म्हणजे धातू वाढवणे. तार जाड केली की रोध कमी होतो. विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेल्या शास्त्रज्ञाने, 1881 साली याचा व्यवहारी हिशेब मांडला: उष्णतेत वर्षभरात वाया जाणाऱ्या विजेची किंमत आणि धातूत गुंतलेल्या पैशाचे वर्षाचे व्याज जिथे सारखे होतात, ती जाडी सर्वांत परवडणारी. छत्तीसगडमध्ये या उत्तराचे भव्य रूप पाहायचे तर कोरब्याला बाल्कोच्या ॲल्युमिनियम कारखान्यात पाहावे. 1965 साली स्थापन झालेल्या या कंपनीच्या नव्या पॉटलाइनमध्ये, म्हणजे ॲल्युमिनियम काढणाऱ्या कुंड्यांच्या रांगेत, तीन लाखांहून अधिक अँपिअरचा प्रवाह एका पॉटमधून पुढच्या पॉटमध्ये अखंड जातो. तिथल्या ॲल्युमिनियमच्या बसबार इतक्या जाड असतात की दर चौरस मिलिमीटरच्या वाट्याला एक अँपिअरही येत नाही. त्यांना पाणी लागत नाही, आजूबाजूची हवा पुरते. जागा भरपूर आणि धातू घरचाच, म्हणून हे जमते.

भट्टीच्या कॉइलला अशी ऐसपैस जागा मिळत नाही. चुंबकीय क्षेत्र रसापर्यंत पोहोचवायचे तर वेढे भट्टीला बिलगूनच हवेत. शिवाय भूमितीही आड येते. वाहकाचा व्यास दुप्पट केला तर उष्णता निर्माण करणारा धातू चौपट होतो, पण ती बाहेर सोडणारा पृष्ठभाग दुप्पटच. घरातली बारीक वायर आपल्या आकाराच्या मानाने बराच प्रवाह सहज झेलते ती याच कारणाने. जाडजूड वाहकाच्या गाभ्यात मात्र उष्णता कोंडून राहते. मग थंडावा बाहेरून देण्याऐवजी आतूनच का देऊ नये? दर चौरस मिलिमीटरला दहा-वीस अँपिअर वाहून नेणारी कॉइल या विचारातून जन्मली. एडविन नॉर्थ्रपने प्रिन्स्टनला 1916 च्या सुमारास गाभा नसलेली इंडक्शन भट्टी उभी केली. सिलतऱ्यातल्या भट्ट्या त्याच घराण्यातल्या.

इथे निसर्गाने एक सवलतही देऊन ठेवली आहे. प्रत्यावर्ती प्रवाह वाहकाच्या सगळ्या जाडीतून सारखा वाहत नाही, तो कडेला सरकतो. 50 हर्ट्झला तो तांब्यात साधारण 9 मिलिमीटर खोलीपर्यंत टिकतो, 500 हर्ट्झला जेमतेम 3 मिलिमीटर. म्हणजे मध्यम वारंवारतेच्या भट्टीत कॉइलच्या गाभ्यातले तांबे असून नसल्यासारखेच. ते काढून टाकले तरी विजेचे काही बिघडत नाही आणि रिकामी झालेली जागा पाण्याला मिळते. विजेने सोडून दिलेली पोकळी पाण्याने नेमकी भरून काढावी, इतका सुरेख जुळून आलेला योग यंत्रशास्त्रात मला फार थोड्या ठिकाणी दिसला.

जुन्या धाटणीच्या भट्टीच्या प्लॅटफॉर्मखाली गेले की हे पाणी डोळ्यांनी दिसते. कॉइलचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या रबरी होजनी जोडलेले असतात आणि परतीच्या होजची तोंडे एका उघड्या पन्हाळीत रांगेने सोडलेली असतात. प्रत्येकातून मनगटाएवढी नाही, पण अंगठ्याएवढी धार पडते. वर हीट, म्हणजे एका घाण्याचे वितळण, चालू असते, पॅनेलची शिट्टीसारखी बारीक घरघर कानात भरते आणि फिटर रांगेतल्या एकेका धारेखाली तळवा धरत पुढे जातो. कोमट, कोमट, कोमट, आणि मग एका धारेशी हात झटकन मागे येतो. त्या भागात पाणी कमी जाते आहे, आत काहीतरी साचले आहे. आता नव्या भट्ट्यांत प्रत्येक वाटेवर फ्लो स्विच आणि तापमानाचे सेन्सर असतात, तरी अनुभवी माणूस हात लावल्याशिवाय समाधान मानत नाही. मिनिटाला 1 लिटर पाणी 1 किलोवॉट उष्णता घेऊन निघते तेव्हा ते साधारण 14 अंशांनी तापते, हे गणित त्याने कागदावर मांडलेले नसेल. त्याच्या तळव्याला ते ठाऊक असते.

आत साचते ते काय? याचे उत्तर रायपूरच्या जमिनीत आहे. हे शहर चुनखडीच्या थरावर वसलेले आहे. सिलतऱ्याच्या शेजारी मांढरला सिमेंट कारखाना निघाला तो या दगडामुळे, आणि बलौदाबाजारकडे एकामागून एक सिमेंट कारखाने उभे राहिले तेही त्यामुळेच. साहजिकच बोअरचे पाणी जड. कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभाव साखर-मिठाच्या उलट आहे: पाणी तापले की ते कमी विरघळते आणि तापलेल्या भिंतीवर थर धरते. म्हणजे कॉइलची जी जागा सर्वांत गरम, तिथेच क्षार आधी बसतो. हा थर तांब्याच्या तुलनेत उष्णता सुमारे दोनशे पट मंद गतीने जाऊ देतो. नळीच्या आत 1 मिलिमीटर क्षार म्हणजे उष्णतेच्या वाटेत वीतभर जाडीची तांब्याची भिंत. ज्या दगडाने या भागाला सिमेंट दिले तोच इथल्या भट्ट्यांच्या नसा चोंदवतो. म्हणून सॉफ्टनर, म्हणून क्षार काढून टाकणारा डीएम प्लांट, म्हणून कॉइलचे पाणी बंद फेऱ्यात फिरवायचे आणि प्लेट हीट एक्स्चेंजरच्या पलीकडे दुसऱ्या पाण्याने त्याला थंड करायचे. ज्या कारखान्यांनी या खर्चात कसर केली त्यांनी ती कॉइल बदलून भरून दिली.

तांबे आणि रस यांच्यामध्ये ते अस्तर आहे, हे मी सुरुवातीला सांगितले. ते झिजते. त्याला चीर गेली आणि रस कॉइलपर्यंत पोहोचला, किंवा कॉइलला छिद्र पडून पाणी रसाखाली गेले, तर पाण्याची वाफ होताना आकारमान सोळाशे-सतराशे पटींनी वाढते. भट्टीवरचे सर्वांत भीषण अपघात असे होतात. रक्षण करणारे पाणीच जीव घेऊ शकते, आणि तरी त्याला दूर करता येत नाही. वीज गेली की प्रवाह थांबतो, पण टनावारी रसाची आच थांबत नाही. कॉइलमधले पाणी काही मिनिटे जरी उभे राहिले तरी वाफ धरते. त्यासाठी उंचावर पाण्याची टाकी ठेवतात; वीज जाताच तिचे पाणी नुसत्या गुरुत्वाकर्षणाने उतरावे, डिझेल पंप सुरू होईपर्यंत वेळ मिळावा. माझ्या मते भट्टीची किंमत ती किती टनांची आहे यावर नव्हे, या टाकीत पाणी आहे की नाही यावर ठरवावी. टाकी रिकामी असेल तर हीट सुरूच करू नये, आणि तसे सांगण्याचा अधिकार पाळीतल्या शेवटच्या मदतनिसालाही असावा.

पाणी थंडावा का देते याबाबत आपल्या जुन्या दर्शनकारांचे म्हणणे आजच्यापेक्षा वेगळे होते. वैशेषिकांच्या मते शीत स्पर्श हा पाण्याचा अंगभूत गुण. पाणी ऊन लागते ते त्यात तेजाचा अंश मिसळल्यामुळे. आजचे पदार्थविज्ञान गारव्याला पाण्याचा गुण मानत नाही. पाण्याचे सामर्थ्य त्याच्या धारणेत आहे. तेवढीच उष्णता तेवढ्याच अंशांच्या वाढीत न्यायची तर पाण्याच्या सुमारे साडेतीन हजार पट हवा लागेल. तरीही वैशेषिकांनी तेज आणि पाणी यांना स्पर्शाच्या एकाच पट्टीवर दोन टोकांना बसवले होते, आणि भट्टीखाली तळवा धरून चालणारा फिटर त्याच पट्टीवर दोघांना मोजतो.

रायपूरजवळच आणखी एक जागा आहे जिथे पाण्याकडून अगदी वेगळी अपेक्षा केली जाते. रायपूर ते तमिळनाडूतले पुगलूर ही ±800 किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी 2020-21 मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली. क्षमता 6,000 मेगावॉट, लांबी पावणेदोन हजार किलोमीटरांच्या घरात. उष्णतेवरचे तिसरे उत्तर ते हे: दाब वाढवा म्हणजे तेवढीच शक्ती कमी प्रवाहात जाईल आणि वर्गाचा नियम आपल्या बाजूने वळेल. 6,000 मेगावॉटला दोन ध्रुवांमध्ये 1,600 किलोव्होल्टने भागले की प्रवाह उरतो 3,750 अँपिअर. पण हा प्रवाह रूपांतर केंद्रातल्या थायरिस्टरांतून, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्यांतून न्यावा लागतो. त्यांना थंड करणारे पाणी अशा ठिकाणी चढते जिथे जमिनीच्या तुलनेत लाखो व्होल्ट आहेत. बोअरचे पाणी तिथे नेले तर पाण्याची नळीच विजेची तार होईल. म्हणून त्या पाण्यातून क्षार जवळजवळ पूर्ण काढून टाकतात, आणि फेऱ्यातला काही भाग सतत रेझिनमधून जात राहतो, कारण शुद्ध पाणी फार काळ शुद्ध राहत नाही. ज्या धातूला शिवेल त्याचा अंश उचलते. कोरब्याच्या एनटीपीसीतल्या 500 मेगावॉटच्या जनित्रांतही हेच. 21 किलोव्होल्टला सुमारे 16,000 अँपिअर देणाऱ्या त्यांच्या स्टेटरमधल्या पोकळ तांब्यातून असेच निर्मळ पाणी फिरते, आणि रोटरभोवती हायड्रोजन.

रोधच नाहीसा केला तर? कामरलिंग ओनेसला 1911 साली अतिवाहकता सापडली तेव्हा अनेकांना वाटले की उष्णतेचा प्रश्न सुटला. जिनिव्हाजवळच्या सर्नच्या महाकाय वेगवर्धकात चुंबकांना सुमारे 12,000 अँपिअर लागतात आणि त्यांच्या तारेला रोध नाही. पण ती अवस्था टिकवायला तारा 1.9 केल्व्हिनला, हेलियममध्ये बुडवून ठेवाव्या लागतात. 19 सप्टेंबर 2008 रोजी तिथे चुंबकांमधला एक जोड निकामी झाला. त्याचा रोध सुमारे 200 नॅनोओहम होता. 8,700 अँपिअरला त्यातून निघणारी उष्णता भरते जेमतेम 15 वॉट. तेवढ्याने जोड वितळला, ठिणगी पडली, टनावारी हेलियम बोगद्यात सुटला आणि यंत्र वर्षाहून जास्त काळ बंद राहिले. उरल्यातला इलेक्ट्रिशियन बसबारच्या जोडाकडे, बोल्टभोवती काळवंडलेल्या तांब्याकडे ज्या संशयाने पाहतो तो संशय जिनिव्हातही तितकाच लागू आहे. मोठे प्रवाह अंगात क्वचित दगा देतात. ते जोडात देतात.

उघड्या तारांना पाणी नाही, त्यांची सारी भिस्त वाऱ्यावर. रायपूरहून वर्ध्याकडे 765 किलोव्होल्टच्या वाहिन्या जातात आणि महाराष्ट्राला छत्तीसगडची वीज मिळते. मे महिन्यात, 44-45 अंशांच्या दुपारी, वारा पडलेला असताना, ऊन अंगावर घेत या तारा सर्वांत जास्त भार वाहतात, कारण नेमकी त्याच वेळी आपण घरोघरी गारवा मागत असतो. तापलेली तार लांबते आणि झोळ घेते. 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेत ओहायोमध्ये, नेमून दिलेल्या भाराच्या आत असतानाही, झोळ आलेल्या तारा वाढलेल्या झाडांना टेकल्या आणि त्यातून सुरू झालेल्या अंधाराने सुमारे 5 कोटी लोकांना गाठले.

भट्ट्यांचे पाणी ज्या कूलिंग टॉवरमध्ये निवते त्याचा ऋतुमानाशी संबंध मात्र उलटा आहे आणि रायपूरच्या कोणालाही तो पटकन कळेल. तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरात काय किंवा नव्या कॉलनीत काय, मे महिन्यात वाळ्याचा कूलर खोली गार करतो आणि जुलैत तोच नुसती दमट हवा फेकतो. टॉवरही बाष्पीभवनावर चालतो. 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्याची तापमापी 23 अंशांच्या आसपास असते. पावसाळ्यात 30 अंश आणि 85 टक्क्यांना ती 28 वर जाते. पाणी यापेक्षा थंड होऊ शकत नाही. त्यामुळे भट्टीला खरी धाप लागते ती वैशाखात नव्हे, आषाढ-श्रावणात, जेव्हा माणसांना वाटते की आता उकाडा सरला.

आता या पाण्याचा हिशेब. इंडक्शन भट्टीला दिलेल्या विजेचा साधारण पाचवा हिस्सा कॉइलच्या पाण्यातून निघून जातो. 5 मेगावॉटची भट्टी धरली तर 1 मेगावॉट. ही उष्णता कामाला लावावी म्हटले तर पाणी जेमतेम 50-55 अंशांचे. त्यापासून वीज करायची तर निसर्गनियमाने सैद्धांतिक मर्यादाच सात-आठ टक्क्यांपलीकडे जात नाही. म्हणून ती हवेत सोडतात, आणि सोडताना पाणी उडते: 1 मेगावॉटला तासाला सुमारे दीड हजार लिटर, भट्टी अखंड चालली तर दिवसाला 36,000 लिटर. शहरात माणशी 135 लिटर धरतात, म्हणजे एका भट्टीच्या कॉइलमागे अडीचशेहून जास्त माणसांचे पाणी. टॉवरमधले क्षार घट्ट होतात म्हणून काढून टाकावे लागणारे पाणी वेगळेच. पोलादाच्या किमतीत कोळसा, खनिज, वीज, मजुरी सगळे धरले जाते. हे उडालेले पाणी ज्या विहिरींतून आणि ज्या खारून नदीतून आले त्यांच्या खात्यावर काहीच जमा होत नाही.

यावर उपाय आपल्या शेजारीच आहे. नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्रात थंडाव्यासाठी वापरले जाते. सांडपाण्यात अमोनिया असतो आणि तो तांब्याला खातो, ही शंका रास्त आहे. पण कॉइलमधला फेरा बंद आणि निर्मळ ठेवून ते पाणी फक्त हीट एक्स्चेंजरच्या पलीकडच्या बाजूला, टॉवरकडे वापरले तर ते तांब्याला शिवतच नाही. एक्स्चेंजरच्या पत्र्यांसाठी योग्य पोलाद निवडले की झाले. रायपूरचे सांडपाणी रोज खारूनकडे वाहते आणि सिलतरा-उरला शहराला लागून आहेत. महापालिकेने आणि कारखानदारांनी एकत्र बसून ही जलवाहिनी टाकावी, आणि ती चालू होईल त्या दिवसापासून टॉवरसाठी बोअरचे पाणी घेणे बंद करावे.